काडी लावली म्हणजे माणूस उगवत नाही

निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: 'द्राक्षाची काडी लावून आपण वर्षानुवर्षं क्लोनच करतो. डॉली मेंढी झाली, माकडं झाली. माणसाचंही जमेल, गेलेलं लेकरू परत आणता येईल. आडवा येतो फक्त कायदा.'

क्लोन म्हणजे तीच जनुकं असलेली हुबेहूब प्रत. आधी काडी. तिच्या प्रत्येक डोळ्यात कोवळा फुटवा तयारच असतो. डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या द्राक्षवेलाच्या खुंटावर पाचर कलम बांधलं की तो फुटतो. नाही लागलं तर नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवं रोप, कुणाला इजा नाही. प्राण्यात मात्र बीजांडातलं केंद्रक बारीक सुईने ओढून काढतात, तिथे शरीरातली पेशी बसवतात आणि विजेच्या झटक्याने दोन्ही एकजीव करतात. त्या पेशीतल्या कितीतरी जनुकांना कुलपं लागलेली असतात. ती अर्धवट उघडली की गर्भ पडतो, गर्भाला पोसणारी वार बेसुमार वाढते, नाहीतर जन्मलेल्या पिल्लाला श्वासच घेता येत नाही.

डॉली 1996 मध्ये झाली खरी. पण 277 बीजांडांतून 29 भ्रूण हाती लागले, ते 13 मेंढ्यांत सोडले आणि कोकरू एक. 2018 मध्ये गाजलेली चिनी माकडं गर्भातल्या पेशींपासूनची होती. त्याच प्रयोगात मोठ्या माकडाच्या पेशींचे 181 भ्रूण 42 माद्यांत सोडले. 22 गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली, दोन्ही लगेच दगावली. मजकुरात हे नाही. गेलेल्या लेकराची पेशी तर गर्भातली नसणारच.

बायकांचा हिशोबही मांडा. आपल्या 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने एक दाती, म्हणजे बीजांड देणारी बाई, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त सात बीजांडं देऊ शकते. 277 साठी 40 जणी हव्यात. प्रत्येकीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, वर अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याची भीती. पडलेले गर्भ सोसणाऱ्या सरोगेट वेगळ्याच.

'परत' तर कुणीच येत नाही. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकाँड्रिया दातीचे, गर्भाशय दुसरं, वाढ नव्या काळात. थॉमसन जातीच्या काडीतूनच तास-ए-गणेश ही वेगळी द्राक्षजात निघाली, हे बागायतदाराला कुणी सांगायला नको. जन्मेल ते उशिरा आलेलं जुळं भावंड, आणि घर त्याच्यात सतत पहिल्याला शोधणार.

राहिला कायदा. क्लोनिंगसाठी वेगळा कायदा भारतात नाहीच. मनाई आहे ती आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, आणि ती क्लोन मूल जन्माला घालण्यावर. उपचारांसाठीच्या संशोधनाचं दारही बंद होईल म्हणून 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरसकट बंदीच्या जाहीरनाम्याविरुद्ध भारताने मत दिलं होतं.