कोलबर हौसेनं डोंगर चढत नाहीत

परवा आमच्या अप्पांनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गुडघाभर बर्फातून माणसांची रांग डोंगर चढतेय, एकाच्या पाठीवर दोरीनं आवळलेला टीव्हीचा खोका. खाली मराठीत मजकूर: ‘हे इराणचे कुर्द. पिढ्यानपिढ्या हौसेनं हा धंदा करतात, एका खेपेत हजारो कमावतात. ना युनियन, ना संप, ना सरकारपुढे हात. आपल्या कामगारांनी शिकावं.’

अप्पा तीस वर्षं वाशीच्या मार्केटात माथाडी होते. ओझं वाहणारा माणूस दिसला आणि त्यांनी आदरानं तो पुढे पाठवला. त्यांच्यावर माझा राग नाही. हा मजकूर ज्यानं लिहिला त्याच्यावर आहे.

या माणसांना कोलबर म्हणतात, पाठीवरून ओझं नेणारे. सरदश्त, बाने, मरिवान, पिरानशहर ही त्यांची गावं, डोंगरापलीकडे इराकमधलं कुर्दिस्तान. तिथून माल पाठीवर घेऊन ते सीमा ओलांडून इराणात आणतात. दोन्ही बाजूंच्या गावांची सोयरीक आणि देवघेव जुनी आहे, तेवढं खरं. पण हौस? या भागात कारखाने जेमतेम. सरकारी नोकरीसाठी ‘गोझिनेश’ नावाची चाळणी आहे, 1985 च्या कायद्यानं आलेली. तीत धर्म आणि राजवटीवरची निष्ठा तपासतात. राजवट शिया, तिथले बहुतेक कुर्द सुन्नी, आणि म्हणून तिच्या नजरेत कायम संशयित. डिसेंबर 2019 मध्ये मरिवानजवळच्या तातेह खिंडीत दोन सख्खे भाऊ हिमवादळात गोठून मेले. एक 17 वर्षांचा, दुसरा 14. चौदा वर्षांचं पोर कसल्या हौसेनं त्या खिंडीत गेलं होतं?

कमाईचं थोडक्यात सांगतो. माल व्यापाऱ्याचा, कोलबराला मिळते ती ओझ्याची मजुरी. माल जप्त झाला की तीही बुडाली. विमा नाही. इराण-इराक युद्धात (1980–88) पेरलेले सुरुंग अजून त्या डोंगरात आहेत, त्यांवर पाय पडून माणसं लंगडी होतात, मरतात. अप्पांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, ‘वजन किती असतं रे?’ चाळीस-पन्नास किलो, कधी जास्तही. ते गप्प झाले. पन्नास किलोची गोणी सपाट फलाटावर वाहणं काय असतं, हे त्यांच्या मानेला माहीत आहे.

आता ‘ना युनियन, ना संप’. माझं डोकं फिरलं ते इथं. इराणमध्ये स्वतंत्र युनियनला मान्यताच नाही. सरकारला चालतील अशाच कामगार परिषदा चालतात. साकेझ हे कुर्दांचंच शहर. तिथल्या बेकरी कामगारांचे पुढारी महमूद सालेही. 2004 साली 1 मेला, कामगार दिनालाच, त्यांना साथीदारांसह धरलं. पुढे 2007 ते 2008 असं वर्षभर त्यांनी तुरुंगात काढलं, मूत्रपिंडाचा आजार असताना. गुन्हा काय, तर कामगार दिन पाळायला जमले! आणि संप? सप्टेंबर 2017 मध्ये सीमारक्षकांनी दोन कोलबरांना गोळ्या घातल्यावर बाने पेटलं होतं. एप्रिल 2018 मध्ये सीमेवरच्या वाटा बंद केल्यावर तिथला बाजार बंद राहिला. लोकांनी भर रस्त्यात दस्तरखानं, म्हणजे जेवण मांडायची कापडं, अंथरली. रिकामी. एक पोळी नाही की वाटी नाही. मजकूर लिहिणाऱ्याला हे लोक तक्रार न करणारे वाटतात.

आणि हे एका माथाडीच्या फोनवर यावं! अण्णासाहेब पाटलांच्या मागे हमाल उभे राहिले, रस्त्यावर आले, म्हणून 1969 चा माथाडी कायदा झाला. अप्पांचा फंड, आजारपणातला दवाखाना, माझं शिक्षण, सगळं त्या कायद्यानं आलेल्या माथाडी बोर्डातून आलं.

व्हिडिओखाली एकानं लिहिलंय, ‘तस्करी ती तस्करी, गोळी बसणारच.’ जकात चुकते, हे मान्य. पण तोच टीव्ही बानेच्या मॉलमध्ये उघड विकतात, तेहरानहून लोक तो घ्यायला येतात. त्या दुकानावर कोणी गोळी झाडत नाही, वाहणाऱ्यावर झाडतात, त्याच्या खेचरावरसुद्धा. बंदूक हा शेवटचा उपाय, असं इराणचाच कायदा सांगतो. इराणमधल्या मानवी हक्कांवर अहवाल देणारे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक जावेद रहमान यांनी 2019 च्या अहवालात सीमेवरच्या या बेछूट गोळीबाराची नोंद केली आहे. बाहेरच्यांचं ऐकायचं नसेल, तर दीर्घकाळ इराणचे सर्वोच्च नेते राहिलेल्या आयातुल्ला खामेनेई यांचं ऐका. तस्करी म्हणजे मला पाठीवर काहीबाही आणणारा गरीब कोलबर अभिप्रेत नाही, कंटेनरच्या कंटेनर आणणाऱ्या टोळ्या आहेत, असं ते भाषणात म्हणाले होते. त्यानंतरही कोलबर मरतच राहिले.

अप्पांनी व्हिडिओ ठेवलाय, खालचा मजकूर तेवढा काढून टाकलाय. तुमच्याकडे आला तर तसंच करा.