एक लाख एकतीस हजार बहात्तर

सोळा चिपांची रॅम द्या, असं मी फोनवर सांगितलं, व्हॉट्सॅपवर लिहून दिलं, वर फोटोवर लाल गोल काढून पाठवला, आणि घरी आली ती आठ चिपांची. यावर दुकानदाराचं म्हणणं काय, तर "सर, कम चिप मतलब लेटेस्ट है." लेटेस्ट! पीसी १३३ ची एसडीरॅम, म्हणजे कॉम्प्युटरची जुन्या जमान्यातली मेमरी, आणि लेटेस्ट.

तर घरी १९९९ सालचा असेंबल्ड पीसी आहे. पेंटियम टू ३५०, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (प्रोसेसर आणि मेमरीची गाठ घालून देणारा भाग) बोर्ड, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, आणि ४.३ जीबीची हार्ड डिस्क, जी फिरायला लागली की आई किचनमधून विचारते, मिक्सर कोणी लावला? हा जरा जोरात पळवायचा होता, बस. प्रोसेसर काढून पेंटियम थ्री ५०० बसवला, दोघंही स्लॉट वनचे, म्हणजे बोर्डवरची खाच एकच, दोघांनाही दोनच व्होल्ट लागतात, काही कटकट झाली नाही. हार्ड डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात जायचं ते सीएफ कार्ड लावलं. ते मुळात आयडीईचीच, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच भाषा बोलतं, त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या इकडच्या तारा तिकडे. तेही झालं. राहिली रॅम, ६४ च्या जागी २५६.

आता प्लीज 'कशाला?' विचारू नका. जुन्या येझदीवर लाखभर रुपये घालणाऱ्याला लोक शौकीन म्हणतात, तिच्यासोबत उभं राहून फोटो काढतात, आणि मी हजार-बाराशेत पीसी सुधरवतोय तर सोसायटीचा वॉचमन पण म्हणतो, साहेब, भंगारवाला रविवारी येतो.

तर रॅमची भानगड अशी आहे की २५६ एमबीची स्टिक दोन प्रकारे बनते. १२८ मेगाबिटच्या सोळा चिपा किंवा २५६ मेगाबिटच्या आठ. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, त्यामुळे बेरीज सेम. पण ४४०बीएक्स हा १९९८ चा गडी, त्याला १२८ मेगाबिटच्या पुढची चिप वाचताच येत नाही, आठवाली लावली की प्रत्येक चिपेतलं अर्धंच दिसतं. म्हणजे २५६ चे पैसे देऊन १२८. विंडोज ९८ ला १२८ पण पोटभर होते हे मलाही माहितीये, प्रश्न तो नाहीचे! मी सोळा सांगितल्या होत्या. सोळा मोजायला काय लागतं?

फोन केला तर म्हणे मशीन लेके आओ, दिखाओ. म्हणजे चूक त्याची, पुरावा मी न्यायचा. लोखंडी कॅबिनेट चादरीत गुंडाळून डोंबिवलीवरून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं टॅक्सीवाला नेईल तर शपथ). दादरच्या पुलावर जे काही ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल. स्टुलावर एक काका. हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर इंकजेटचं कार्ट्रिज प्लास्टिकच्या पिशवीत असं धरलेलं जणू आतून काही उडून जाईल. रिफिलला आलेले. मी चादर सोडली तसे पुढे सरकले.

"व्हीसीआर का हो?"

"कॉम्प्युटर."

"एवढा मोठा?"

"तेव्हा असायचे."

"मला सांगताय? आमच्या ऑफिसात पहिला आला तेव्हा चपला बाहेर काढून आत जायचो आम्ही. एसी त्याला, आम्हाला पंखा."

शेठनं मशीन दुकानातल्या मॉनिटरला जोडलं, चालू केलं. कीबोर्ड जोडलाच नव्हता, त्यामुळे 'कीबोर्ड एरर, एफ वन दाबा' म्हणून गाडी तिथंच थांबली (कीबोर्डच नाही तर एफ वन कुठला दाबायचा हे बायोस, म्हणजे मशीन चालू होताच पळणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याला कोणी विचारलंय की नाही देव जाणे) आणि वर मेमरीचा आकडा स्थिर झाला. १३१०७२ के, म्हणजे १२८ एमबी. मी म्हटलं, बघा! शेठ म्हणाला, हाँ तो दिखता है ना. आणि काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि उजवीकडून सुरुवात केली.

"एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष... अहो, एक लाख एकतीस हजार बहात्तर! अजून किती पाहिजे तुम्हाला?"

"दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "हाव किती असावी माणसाला."

मग मी त्यांना चिपा, मेगाबिट, अर्धं दिसणं सगळं समजावलं. का समजावलं? शेठ ऐकत नव्हता म्हणून. काका मात्र मान डोलवत होते आणि एकदम त्यांना साक्षात्कार झाला. स्टुलावरून उठले, शेठकडे वळले. "देखो, इनको आधा दिखता है ना? तो आधा पैसा वापस देव. हिशोब क्लिअर."

शेठ शांतपणे म्हणाला, "अंकल, मेमरी तो मैंने पूरा दिया है. इनका मशीन अनपढ़ है, आधा ही पढ़ता है, तो मेरा क्या?"

"हे पण खरंय," काका परत बसले. "देणाऱ्यानं पूर्ण दिलंय हो."

मी कायदा काढला. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे, सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. शेठ म्हणाला, माल में दोष किधर है? आणि बिल? बिल म्हणजे 'एस्टिमेट' असं वर छापलेली गुलाबी चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलनं '२५६ रॅम १'. चिपा किती, कुठली, काही नाही. आपल्याकडे भांडायचं तर आधी कागद लागतो आणि कागद मागितला की "सर, जीएसटी अलग से लगेगा". मग सगळेच गप्प बसतात, मीही बसलो, आणि त्याचाच जास्त राग येतो.

एवढ्यात काका माझ्या कानाशी आले. आवाज एकदम खाली. "एक विचारू? यात सोनं असतं ना?"

"त्या पट्टीवर मुलामा असतो. जरासा."

"जरासा म्हणजे साधारण किती ग्रॅम?"

शेवटी सोळा चिपवाली "आएगा तो फोन करेंगे" असं ठरलं आणि सध्यापुरता मला एक माउसपॅड देण्यात आला. माझं मशीन उघडं पडलेलं, चादर खाली लोळतेय, आणि काकांना मात्र मध्यस्थी केली म्हणून रिफिलमध्ये पन्नास रुपये सूट! जाता जाता त्यांनी माझा नंबर घेतला. असू द्या, ओळख झालीये.

दुकानातून अजून फोन नाही. काकांचे मेसेज मात्र रोज येतात, गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, आणि आज त्याखाली लिहिलं होतं: "भाच्याशी बोललो. तो दागिन्यांच्या लाइनमध्ये आहे. म्हणतो मशीन जितकं जुनं तितकं चांगलं. नवीन रॅम घालण्यात पैसे घालवू नका, त्याआधी एकदा मला फोन करा."