सिरोलिमस ही तारुण्याची गोळी नाही

गेले काही महिने घरोघरीच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेले सिरोलिमस, म्हणजेच रॅपामायसिन, हे नैसर्गिक औषध आहे. किडनी बदललेले रुग्ण ते वर्षानुवर्षे घेतात, त्याने कर्करोग बरा होतो, उंदरांचे आयुष्यही वाढले. तेव्हा चाळिशीनंतर प्रत्येकाने आठवड्याला एक गोळी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. माझ्या थोरल्या बहिणीला प्रत्यारोपणानंतर हेच औषध चालू असल्यामुळे तो संदेश मला नुसता वाचून सोडून देता आला नाही.

मातीची हकिकत खरी आहे. १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने रापा नुईवरून, म्हणजेच ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून डॉ. सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत १९७२मध्ये हे द्रव्य वेगळे काढले. आधी ते बुरशीवरचे औषध म्हणून पाहिले जात होते. पण ते प्रतिकारशक्ती दाबते असे दिसून आले आणि बुरशीवरचे औषध म्हणून ते बाजूला पडले. संदेशात ज्याला नैसर्गिक म्हणून निर्धोक ठरवले आहे, त्याचा हा गुण पुढे प्रत्यारोपणात उपयोगी पडला आणि १९९९मध्ये अमेरिकेत त्याला किडनी प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली.

कर्करोगाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. आपल्या पेशींत एमटॉर नावाचे प्रथिन असते; पोषण पुरेसे आहे, आता वाढायला हरकत नाही, हा निरोप ते पुढे पोचवते. सिरोलिमस त्यालाच आवर घालते. मग परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या टी-पेशींची संख्या भराभर वाढत नाही आणि दुसऱ्याची किडनी शरीरात टिकून राहते. काही गाठींची वाढही त्याच कारणाने मंदावते. म्हणूनच त्याच्या जवळच्या नात्यातल्या एव्हरोलिमसला २००९मध्ये अमेरिकेत किडनीच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मात्र तिथेही ते गाठीला काही काळ थोपवून धरते, आजार मुळापासून काढत नाही. शिवाय कर्करोगाच्या पेशी वेळीच टिपणारी प्रतिकारशक्तीही या औषधाने दबते. सिरोलिमसच्या माहितीपत्रकात जंतुसंसर्गाचा आणि लिम्फोमा या कर्करोगाचा धोका ठळक चौकटीत दिलेला असतो.

रुग्ण ते वर्षानुवर्षे घेतात हे खरे, पण ते कसे घेतात ते मी घरात पाहतो. तपासणीच्या दिवशी ताई सकाळची गोळी न घेता डबी पर्समध्ये टाकून निघते, कारण रक्तातली औषधाची लेव्हल गोळीच्या आधी पाहावी लागते. रक्त दिले की तिथल्याच बाकावर बसून ती गोळी गिळते. लेव्हल कमी पडली तर शरीर किडनी नाकारण्याची भीती, जास्त झाली तर जंतुसंसर्गाची. पहिल्या वर्षी तिला असे तोंड आले होते की पंधरा दिवस गार दूधभातावर काढावे लागले. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढले, त्यांची वेगळी गोळी सुरू झाली. ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्याने औषधाची पातळी चढते. उलट क्षयावरच्या रिफाम्पिसिनने ती एकदम घसरते. हे सारे ती सोसते, कारण तिच्यासमोर दुसरा पर्याय डायलिसिसचा आहे.

उंदरांविषयी थोडक्यात. २००९च्या प्रयोगात सहाशे दिवसांच्या वयानंतर औषध सुरू केलेल्या उंदरांत ९० टक्के उंदीर मरण पावण्याचे वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु ते उंदीर रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात होते. लोकलच्या गर्दीत खोकणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

आमच्या गटात एका काकांनी ही गोळी कुठे मिळते असे विचारले होते. त्यांना मधुमेह आहे आणि पायाची जखम तीन महिन्यांनी आता कुठे भरत आली आहे. या औषधाने रक्तातली साखर वाढू शकते आणि जखमा भरायला वेळ लागतो, हे मी त्यांना त्याच रात्री फोन करून सांगितले.