जुनी गाडी, नवे राज्य आणि करबचतीचा राजमार्ग

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला गाडी कशी निवडावी हे शिकवण्याचे धाडस कोणी करू नये, कारण त्याच्यापाशी एक्सेल शीट असते. तिच्यात मायलेज, वॉरंटी, रीसेल आणि मागच्या सीटवर सासूबाईंचे गुडघे कितपत मावतील याचे वेगवेगळे रकाने असतात. प्रस्तुत सल्ला त्यामुळे गाडीविषयी नसून, जुनी गाडी विक्रेत्याला देऊन नवी घेताना राज्याची हद्द ओलांडून विक्रीकर कसा वाचवावा, एवढ्यापुरताच आहे. हा मार्ग मी स्वतः शेवटपर्यंत चालून आलो आहे, तेव्हा आपण निर्धास्तपणे माझ्या मागून यावे.

पहिली गोष्ट म्हणजे, कर दुकानात लागतो ही श्रद्धा ढळू देऊ नका. न्यू जर्सीतला माणूस दीड तास गाडी हाकून डेलावेअरमध्ये जातो, तिथून लॅपटॉप आणतो, आणि डेलावेअरमध्ये विक्रीकरच नसल्यामुळे वाचलेले पैसे पुढची चार वर्षे प्रत्येक पंगतीत सांगतो. खरे पाहता त्या लॅपटॉपवरही न्यू जर्सीला वापरकर, म्हणजे बाहेरून विक्रीकर न भरता आणलेल्या वस्तूवरचा घरच्या राज्याचा कर, देणे लागतो. परंतु लॅपटॉपला नंबर प्लेट नसते. गाडीला असते, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. तरीही आपण शनिवारी पहाटे थर्मासमध्ये चहा भरून, एडिसनहून विल्मिंग्टनला अवश्य जावे. तिथला विक्रेता अतिशय अगत्याने किंमत सांगेल, चावी हातात देईल आणि मग सहज विचारावे तसे विचारेल, की गाडीची नोंदणी कोणत्या पत्त्यावर करायची? आपण एडिसनचा पत्ता सांगितलात की न्यू जर्सीचे ६.६२५ टक्के आपल्या आधी घरी पोहोचलेले असतात. ते विक्रेत्याने घेतले नाहीत, तर नोंदणीच्या खिडकीवर घेतले जातात. डेलावेअरचे रहिवासी तरी सुटतात अशी असूया बाळगायचेही कारण नाही, कारण विक्रीकर नसलेल्या त्या पुण्यभूमीत गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘डॉक्युमेंट फी’ नावाची रक्कम घेतात आणि ती बरीच वर्षे सव्वाचार टक्के होती. बारसे वेगळे केले म्हणून मूल बदलत नाही.

आता जुन्या गाडीकडे वळू. समजा, नवी गाडी ४०,००० डॉलरची आहे आणि विक्रेता जुनीचे १८,००० द्यायला तयार आहे. न्यू जर्सी अशा व्यवहारात फक्त वरच्या २२,००० वर कर घेते, म्हणजे १,४५७ डॉलर ५० सेंट. जुनी गाडी मध्ये आणली नसती, तर पूर्ण ४०,००० वर २,६५० डॉलर झाले असते. याचाच अर्थ, विक्रेत्याच्या १८,००० मध्ये सरकारने आपल्या वतीने आणखी १,१९२ डॉलर ५० सेंट गुपचूप घातलेले आहेत. हे गणित आपल्या शीटमध्ये चुकूनही येऊ देऊ नका. कोणी त्रयस्थ गिऱ्हाईक १८,८०० देतो म्हणाला की लगेच त्याला गाडी विकून टाका आणि ८०० डॉलर जास्त मिळवल्याबद्दल घरी श्रीखंड करा. विक्रेता आपल्याला लुबाडायला टपलेलाच असतो हे जसे खरे आहे, तसेच त्याच्या हातून मिळणारी करसवलत त्रयस्थाच्या हातून मिळत नाही हेही खरे आहे. पण दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवल्याने श्रीखंड गोड लागत नाही.

ही सवलत म्हणजे निसर्गनियम असून ती पन्नासही राज्यांत सारखीच मिळते, असे गृहीत धरणे करबचतीला फार पोषक आहे. व्हर्जिनियाचा दर ४.१५ टक्के ऐकून आपण हुरळून जावे; तो जुन्या गाडीची किंमत वजा न करता पूर्ण रकमेवर लागतो आणि आपल्याच उदाहरणात १,६६० डॉलर होतो, म्हणजे महागड्या न्यू जर्सीपेक्षा जास्त, हे नंतर कळलेले बरे. मिशिगन जुन्या गाडीची किंमत वजा करू देते, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा दर १ जानेवारीला हजार डॉलरने वाढते. तेव्हा तिथल्या बंधूंनी गाडी डिसेंबरच्या अखेरीस बदलावी. इलिनॉयने २०२० मध्ये १०,००० डॉलरची अशीच मर्यादा घातली आणि २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळे मधल्या दोन वर्षांत ज्यांनी गाड्या बदलल्या त्यांना मुहूर्त साधण्याची कला उपजतच अवगत असावी. मिसुरीत तर जुनी गाडी १८० दिवसांच्या आत परस्पर कोणालाही विकली तरी सवलत मिळते. एवढा समजूतदारपणा असलेल्या राज्यात माझे कोणी नातेवाईक राहत नाहीत.

आता मुख्य सल्ला. नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला जायचे ठरले असेल, तर जाण्यापूर्वी न्यू जर्सीतच जुनी गाडी देऊन नवी घ्या. मी मार्चमध्ये घेतली. कॅलिफोर्निया जुन्या गाडीची दमडीही वजा करू देत नाही, तेव्हा सवलत इथेच पदरात पाडून मग पश्चिमेकडे कूच करावे, हा सल्ला मला आमच्या मंडळातल्या एका जाणत्या काकांनी दिला आणि त्यातली चतुराई मला तेव्हा थक्क करून गेली. जुनी कॅमरी देताना डॅशबोर्डवरचा गणपती निघता निघेना. बारा वर्षांच्या उन्हाने त्याचा डिंक प्लॅस्टिकशी एकजीव झाला होता. शेवटी सुटला तो पाटाचा तुकडा मागे ठेवूनच, आणि गाडी तपासणाऱ्या तरुणाने त्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवून वहीत काहीतरी लिहिले. नंबर प्लेट मात्र मी स्वतःच्या स्क्रू ड्रायव्हरने काढल्या, कारण न्यू जर्सीत त्या मालकाकडेच राहतात. ते चार गंजके स्क्रू खिशात वाजवत मी घरी आलो, तेव्हा १,१९२ डॉलर ५० सेंट वाचवल्याचा आनंद माझ्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

ऑगस्टमध्ये आम्ही बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, आलो. कॅलिफोर्नियात वस्ती केल्यापासून २० दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते, तेव्हा कायद्याला मान देऊन मी खिडकीशी गेलो. अर्जात एक अगदी निष्पाप रकाना असतो: गाडी कितीला घेतली? मी २२,००० लिहिले. खिडकीतल्या बाईंनी बिल मागितले, चष्मा नाकावर खाली ओढला, ४०,००० या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल काढला आणि तो कागद माझ्याकडे वळवून ठेवला. आवाज चढवला नाही, की भुवई उंचावली नाही. कॅलिफोर्नियाच्या मते खरेदीची किंमत म्हणजे रोख आणि बदल्यात दिलेली वस्तू मिळून जे होईल ते सगळे, आणि माझी कॅमरी ही वस्तूच होती. राज्याचा मूळ दर ७.२५ टक्के आहे. त्यावर जिल्ह्यांचे आणि शहरांचे कर चढून बे एरियातल्या बऱ्याच गावांत तो ९ च्या पुढे जातो. हिशेबाला ९ धरा. ४०,००० वर ३,६०० डॉलर झाले. त्यातून न्यू जर्सीत भरलेले १,४५७.५० मोठ्या मनाने वजा केले, कारण एकाच गाडीवर दोनदा कर घेणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. उरले २,१४२ डॉलर ५० सेंट. न्यू जर्सीने प्रेमाने सोडलेली रक्कम तीन हजार मैलांवर दुसऱ्या राज्याने व्याजासकट वसूल केली होती.

हे सगळे साधण्यासाठी एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. खरेदीनंतर बारा महिन्यांच्या आतच गाडी कॅलिफोर्नियात नोंदणीला आली पाहिजे, कारण त्या मुदतीत आलेली गाडी इथल्या वापरासाठीच घेतली होती असे राज्य गृहीत धरते. मार्चमध्ये घेतलेली गाडी पुढच्या एप्रिलात आणली असती, तर हे गृहीतक लागू झाले नसते. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणून कपाळाला हात लावण्याची रीत आहे. इथे तोच तेरावा महिना सुकाळ ठरतो. तेव्हा काहीही करून तो उजाडू देऊ नका. त्याहून कडक साधना करायची असेल, तर कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर बाहेरच्या राज्यात जाऊन, इथल्या प्रदूषण निकषांत न बसणारी नवी गाडी ७,५०० मैल पूर्ण होण्याआधी घेऊन या. मग नोंदणीच होत नाही, आणि कर भरण्याचे समाधानही आपल्या वाट्याला येत नाही.

ज्यांना मुंबईच्या दहिसर, मुलुंड आणि वाशीच्या जकात नाक्यांची आठवण आहे, त्यांना यात नवल वाटू नये. तो नाका निदान दिसायचा. ट्रकांची रांग असायची, खिडकी असायची, आणि २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा तो बंद झाला हेही डोळ्यांनी पाहता आले. अमेरिकेतल्या राज्यांच्या हद्दीवर फक्त ‘सुस्वागतम्’चा फलक असतो, नाका आपल्या घराच्या पत्त्यात बसवलेला असतो. वॉशिंग्टन राज्याने १९३५ मध्ये विक्रीकराच्या जोडीला हा वापरकर आणला, आणि ग्रँड कूली धरणाच्या ठेकेदारांनी बाहेरून आणलेल्या यंत्रसामग्रीवर तो का द्यावा म्हणून भांडण केले. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. धरण बांधणाऱ्यांना जे जमले नाही, ते आपल्याला एका एक्सेल शीटच्या बळावर जमेल, हा विश्वास मी तरी सोडलेला नाही.

माझा हिशेब काकांना फोनवर सांगितला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, ओशाळले असावेत. मग म्हणाले, “अरे, पण तू ऑरेगॉनचा पत्ता का नाही दिलास? तिथे विक्रीकरच नाही. आमच्या मेव्हण्याचं पोर्टलंडला घर आहे, त्याला विचारतो.” मी आभार मानले, फोन ठेवला आणि शीटमध्ये एक नवा रकाना उघडला.