ताप उतरला नाही म्हणजे अँटिबायोटिक फेल? असं नसतं हो

सेप्सिसबद्दल, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात त्याबद्दल, एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे २४ तासांत ताप उतरला नाही तर अँटिबायोटिक लागू पडत नाहीये, डॉक्टरांना सरळ 'हाय पॉवर' द्यायला सांगा, आणि रोज रक्त काढणं म्हणजे नुसता बिल वाढवायचा धंदा.

आधी तापाचं बघू. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, डायलिसिसच्या मशीनमधून रक्त फिरून गार होऊन येतं तेव्हाही उतरतो, आणि काही पेशंटचं, खासकरून वयस्करांचं, अंग उलट गार पडतं, ३६ डिग्री सेल्सिअसच्या खाली. मग त्यांना औषध पहिल्या मिनिटालाच लागू पडलं म्हणायचं का?

आयसीयूत बघतात ते वेगळंच. बीपी टिकवायला लावलेलं नॉरअॅड्रिनॅलिन कमी करता येतंय का, लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी होतेय का, लॅक्टेट (अवयवांवर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ) उतरतंय का, पेशंट नीट ओळखतोय का. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडतात, पांढरं पडलेलं बोट ३ सेकंदांत परत लाल व्हायला हवं, याला तर पैसेही पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सीआरपी (सूज-इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढलं की घरचे घाबरतात, पण ते मुळात उशिरा चढतं, दोनेक दिवसांनी टोकाला जातं, त्यामुळे एका रिपोर्टवरून काही ठरत नाही, उतार बघायचा असतो.

आता बिलाचं. सरसकट सगळ्या टेस्ट रोज लागत नाहीत, हे मान्य. पण प्रोकॅल्सिटोनिन (बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या घटकाची रक्ताची टेस्ट) परत परत करतात ते बऱ्याचदा औषध थांबवायला! सगळ्यात जास्त आलेल्या आकड्यापेक्षा ८० टक्के उतरलं किंवा ०.५ नॅनोग्रॅम/मिलीच्या खाली आलं आणि पेशंटही सुधारत असला तर अँटिबायोटिक बंद करायचा विचार होतो.

आणि ते हाय पॉवर प्रकरण तर डोक्यातच जातं. कल्चरमध्ये, म्हणजे रक्त वगैरेतले जंतू वाढवून बघायच्या टेस्टमध्ये, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा स्टॅफ ऑरियस हा जंतू निघाला तर 'भारी' व्हॅन्कोमायसिनपेक्षा जुनं सेफाझोलिन सरस ठरतं. पोटात पू साठलाय किंवा किडनीची नळी तुंबलीय तर कुठलंही इंजेक्शन द्या, निचरा केल्याशिवाय सुधारणा होणं कठीण. कधी औषध बरोबर असतं पण डोस कमी पडतो, कारण काही पेशंटची किडनी सुरुवातीला ते झपाट्याने बाहेर टाकते. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच असेल तर कल्चरचा रिपोर्ट आला का आणि इन्फेक्शन नेमकं कुठंय ते सापडलं का, हे विचारा.