‘पीपीपी म्हणजे वास्तू विकली’? आधी कलमं वाचा

“पडून असलेली पालिकेची जुनी वास्तू पीपीपीला (सार्वजनिक-खासगी भागीदारीला) दिली की बिल्डरच्या घशात गेलीच. त्यापेक्षा पालिकेनेच सिमेंटचं प्लास्टर करून रंग मारावा, निम्म्यात भागेल. आणि एकदा दुरुस्ती झाली की पन्नास वर्षं बघायला नको.” हा मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. तिन्ही दावे चुकीचे आहेत, मधला तर इमारतीच्या जिवावर उठणारा.

‘विकली’ म्हणणाऱ्यांनी राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावं. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय पुढे पार रया गेलेल्या अवस्थेत होतं. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. मालकी पालिकेचीच राहिली. संशय घ्यायचाच तर भाडेपट्ट्याची मुदत, पोटभाडेकरूचा हक्क आणि भोवतालची मोकळी जागा या कलमांवर घ्या. गोम बहुधा तिसऱ्यात असते: दर्शनी भाग जपला जातो आणि मागच्या अंगणात टॉवर उभा राहतो.

आता सिमेंट. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. ओल आतच वर चढते, क्षारांचे खडे गिलाव्यामागे फुगतात आणि काही पावसाळ्यांत प्लास्टर विटेचा वरचा पापुद्रा घेऊनच सुटतं. म्हणून आधी छप्पर, पन्हळी आणि पावसाळी पाइप दुरुस्त करायचे, भेगांतला पिंपळ मुळासकट काढायचा, भिंत सुकू द्यायची. मग मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू साधारण १:३, थर १०-१२ मिमीचे, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून. निविदेत नुसतं ‘प्लास्टर’ लिहिलं तर ठेकेदार सिमेंटच मारणार. मिश्रणाचं प्रमाण लिहा आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या.

निम्म्या खर्चाच्या हिशेबात मजले तर कुणी धरतच नाही. इमारतीवरचा भार किती धरायचा हे सांगणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार घराच्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरतात, सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५००. सागाची तुळई मधे ठणठणीत वाजते, पण भिंतीत शिरलेलं टोक कुजलेलं असतं. तिथे टोचा घालून पाहिल्याशिवाय नवा वापर ठरवू नये.

पन्नास वर्षांचं म्हणाल तर याच संग्रहालयाला पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी बंद राहावं लागलं. २०२५ मध्ये ते परत उघडलं. करारात देखभालीचा राखीव निधी वेगळ्या खात्यात हवा, पालिका आणि भागीदार दोघांच्या सहीशिवाय न निघणारा, आणि दरवर्षी मे महिन्यात पन्हळी साफ केल्याचा फोटोसह अहवाल.