‘कोकणात बसून शहाणपण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॅक्यूम गेज (पोकळीत उरलेला दाब मोजणारं उपकरण) आणि गॅस अ‍ॅनलायझर (आतले वायू ओळखणारं उपकरण) यंत्रावरून न काढता जागेवरच कॅलिब्रेट करणं, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून बघणं, हे लॅबची फी वाचवायचे धंदे. मी अनिश्चिततेचा, म्हणजे माप किती चुकू शकतं त्याचा, हिशेब दिला नाही. एककांचा घोळ केला. आणि वर, ‘कोकणात बसून लॅबवाल्यांना शहाणपण शिकवू नये.’

एककांचं मान्य. लेखातल्या तक्त्यात टॉर आणि मिलिबार ही दाबाची दोन वेगळी एककं एकाच रांगेत आलीत. सगळं पास्कलमध्ये करून टाकतो.

आता कोकण. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत माझी हयात गेली. डिस्टिलेशन काय, फ्रीज ड्रायर (माल गोठवून पोकळीत सुकवणारं यंत्र) काय, व्हॅक्यूमच्या लाइनी याच हातांनी उघडल्यात. गेज काढून, थर्माकोलात बांधून मुंबईला धाडायचं कामही माझ्याच गळ्यात असे. आयन गेज अगदी कमी दाब मोजतं; त्यातली तापणारी तार (फिलामेंट) नि जाळी (ग्रिड) जराशी सरकली तरी त्याची संवेदनशीलता बदलते. मुंबई-गोवा महामार्गावर काय काय सरकतं हे ठाऊक नसेल, तर पावसाळ्यात एकदा एसटीने या. लॅबमध्ये गेज चोख ठरायचं आणि परत आणून बसवलं की शेजारच्या गेजशी आकडा जमायचा नाही. दोष लॅबचा नव्हे, मधल्या रस्त्याचा. मूळ लेखात हे लिहिलंय, पण तिथवर वाचतो कोण!

शिवाय लॅबमध्ये गेज तपासतात ते बहुधा कोरड्या नायट्रोजनवर. आमच्या फ्रीज ड्रायरमध्ये असते पाण्याची वाफ, आणि वाफेत पिरानी (वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून दाब सांगणारं गेज) खऱ्या दाबाच्या साधारण १.६ पट आकडा दाखवतो. वायू कुठलाही असो, कपॅसिटन्स मॅनोमीटर पातळ पडद्यावर पडणारा दाबच मोजतो. तो शेजारी लावला की फरक डोळ्यांना दिसतो. वाफ संपत आली की दोघांचे आकडे जवळ येतात, त्यावरूनच आम्ही माल सुकल्याचं ओळखायचो. लॅबच्या टेबलावर हे कसं कळणार? अ‍ॅनलायझरचं तर विचारूच नका. त्याच्या मल्टिप्लायरचा (क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागाचा) गेन, म्हणजे वाढवायची पट, वापरता वापरता उतरतो. कॅलिब्रेटेड लीकमधून, म्हणजे ठरलेल्या मापाने वायू सोडणाऱ्या छिद्रातून, नायट्रोजन सोडून २८चा पीक (नायट्रोजनच्या रेणूच्या वजनाला उमटणारा उंचवटा) त्याच चेंबरवर तपासला नाही, तर जुनं सर्टिफिकेट भिंतीवर टांगायच्याच कामाचं.

अनिश्चिततेचं गणित? ते पुन्हा कधीतरी. संदर्भाचा मॅनोमीटर आम्हीही लॅबकडूनच तपासून आणतो, एवढं तुम्हाला पुरे व्हावं.

तुमच्या सर्टिफिकेटवर वायू कोणता लिहिलाय, तेवढं बघून कळवा. टोमणा न मारता जमलं तर बरं.